मेनू म्हणतो दुपार

सोमवार, ३ मार्च

जीव एका जागी ठरत नाही म्हणून ही वही काढली. लेकीची मागच्या वर्षीची, अर्धी कोरी. पहिल्या पानांवर भूमितीची प्रमेयं आहेत, ती तशीच ठेवलीत.

आज ऑफिसात मला एक काम मिळालं आणि ते इतकं फुटकळ आहे की सांगायला लाज वाटावी. नऊ वर्षं घरी काढून जानेवारीत पुन्हा नोकरीला लागले. सहा माणसांचं ऑफिस. तीन महिन्यांची परीक्षा, मग एकतीस मार्चला ठरणार की मला कायम करायचं की नारळ द्यायचा. एका डायलिसिस केंद्रासाठी आम्ही वेब ॲप बनवतोय. पेशंटचं रक्त यंत्रातून गाळतात त्याच्या आधीचं आणि नंतरचं वजन, कोणती खाट, कोणती पाळी, सगळं सिस्टर लोक टॅबलेटवर भरणार. सध्या कागदी रजिस्टर आणि ॲप दोन्ही चालू आहेत. एक एप्रिलला रजिस्टर बंद.

आमचा म्होरक्या माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी त्याला मनात मुकादम म्हणते. तो मला ताई म्हणतो, ते आदराने की वयाची आठवण म्हणून, हे अजून कळलेलं नाही. आज म्हणाला, मेनूत चुकीचं नाव उजळतं, बघा जरा. डाव्या बाजूच्या पट्टीत मुख्य पान, सकाळ, दुपार, संध्याकाळ, खाटा, साठा अशी नावं आहेत. ज्या पानावर आपण असू ते नाव निळं व्हायला हवं. कधीकधी दुसरंच होतं. बाकीचे आलेख काढतायत, पासवर्डाची कुलपं बसवतायत, आणि मी निळा रंग बघायचा.

घरी आल्या आल्या नवऱ्याने विचारलं, "कायम करण्याचं काही बोलले का?" म्हटलं, अजून महिना आहे, दम धर.

मंगळवार, ४ मार्च

काखेत कळसा नि गावाला वळसा. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत बसले आणि चूक निघाली माझीच. जानेवारीत पहिल्याच आठवड्यात मी हा मेनू लिहिला होता, हातच्या जुन्या सवयीने. आमच्या काळी प्रत्येक टिचकीला अख्खं पान नव्याने यायचं. टिचकी मारली की सगळ्यांचा रंग पुसायचा आणि दाबलेल्या नावाला द्यायचा, एवढ्यावर भागायचं. आता पान जागचं हलत नाही, फक्त मधला भाग बदलतो. सिस्टरने टॅबलेटचं मागे जायचं बटण दाबलं की मधलं पान मागे जातं, वरच्या पट्टीतला पानाचा पत्ता बदलतो, पण माझ्या मेनूला कुणी बोटच लावलेलं नसतं. तो शेवटची टिचकी धरून बसतो. पान असतं सकाळच्या पाळीचं, मेनू म्हणतो दुपार.

कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद आपोआप राहते. मुकादमाने मनात आणलं तर दोन टिचक्यांत माझं नाव समोर येईल. त्याने विचारलं, सापडलं का? मी म्हणाले, शोधतेय. परीक्षेच्या काळात आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कोण मारून घेतं? 

गुरुवार, ६ मार्च

आमच्या घरात दाराशी एक फळा आहे, त्याबद्दल लिहायला हवं, कारण आज त्याच्यावरूनच अप्पांची बोलणी खाल्ली. अप्पा म्हणजे सासरे. बस डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त होताना डेपोतला भंगारात निघालेला फळा घरी घेऊन आले. चार रकाने, प्रत्येकात अडकवायचे आकडे, आणि बसच्या नंबरांचे पत्र्याचे बिल्ले. अप्पांनी तीन रकाने रंगवून घेतले: घरी, कामावर, बाहेर. चौथ्यावर लेकीने शाळेचं वेळापत्रक चिकटवलंय. अप्पा एक नंबर, नवरा दोन, मी तीन, लेक चार. घरातून निघताना आपला बिल्ला हलवायचा, आल्यावर परत आणायचा.

मी आज घरी आले आणि बिल्ला 'कामावर'च राहिला. अप्पांनी रात्रीच्या जेवणाला माझं ताट मांडलंच नाही आणि वर मलाच ऐकवलं. लेक हसली. मी चिडून म्हटलं, अप्पा, मी तुमच्या समोर उभी आहे ना, मग फळ्याला काय विचारता?

अप्पा म्हणाले, "बरोबर आहे. डेपोत आम्ही फळ्यावर विसंबून राहत नसू. रोज संध्याकाळी फाटकापाशी जाऊन गाड्या मोजायचो. बिल्ला माणूस लावतो, गाडी स्वतःहून उभी असते."

हे माझ्या कामालाही लागू आहे, हे मला भांडी आवरताना सुचलं. मेनूने टिचकीला विचारायचंच नाही. दर वेळी वरच्या पत्त्याला विचारायचं. टिचकी माणूस मारतो, पत्ता खरा कुठे आहोत ते सांगतो.

आणखी एक नवल. नवऱ्याचा डबा हल्ली स्वच्छ धुऊन येतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, या माणसाने कधी चमचा विसळला नाही. नकाशे काढणाऱ्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, तिथे म्हणे नवीन बेसिन बसवलंय. देव पावला.

सोमवार, १० मार्च

केंद्रातून मोठ्या सिस्टरचा फोन आला. मुकादमाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. शनिवारी सकाळच्या पाळीतल्या सात नंबर खाटेवरच्या आजींचं वजन ॲपमध्ये एका दमात एक्केचाळीसचं अडुसष्ट किलो झालं. सिस्टर दुपारची यादी बघत होत्या, मागे जायचं बटण दाबलं, मेनूत दुपार निळं होतं म्हणून दुपारच्या सात नंबरचं वजन भरलं. पान होतं सकाळचं. रजिस्टरमध्ये बरोबर आकडा होता म्हणून कळलं. शरीरातून किती पाणी काढायचं ते या वजनावरून ठरतं.

ऑफिसात कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या वेळी आकडा मोठा होता म्हणून दिसला. दोन-तीन किलोंचा फरक असता तर? आणि एक तारखेनंतर ताडून बघायला माझ्याकडे रजिस्टर नसणार."

मी पाणी प्यायला उठले आणि बाटली भरायची विसरून परत आले. आठवडाभर मला कारण माहीत होतं. शुक्रवारीच दुरुस्त करता आलं असतं, पण गुपचूप कसं करावं या विचारात दोन दिवस घालवले. फुटकळ काम म्हणत होते मी याला.

मंगळवार, ११ मार्च

आज जेवण सोडून बसले आणि बदल करून टाकला. मेनू आता टिचकी लक्षात ठेवतच नाही. पत्ता बदलला की तो बघतो आणि त्याप्रमाणे नाव उजळतो. मागे जा, पुढे जा, पान ताजं करा, दुसऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून या, बरोबर तेच निळं.

पाच मिनिटं खूश होते. मग दिसलं की 'मुख्य पान' कायमच निळं. कुठेही जा, त्याच्या जोडीला हे आहेच. मी मेनूला सांगितलं होतं, पत्त्याची सुरुवात जुळली की उजळ. मुख्य पानाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, आणि सगळेच पत्ते त्या रेघेने सुरू होतात. त्याच्यापुरतं लिहिलं, तंतोतंत जुळलं तरच.

नवऱ्याला हे रंगवून सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, मग आता करतील ना कायम? घरात एक पापड मोडायचा नाही, पण पावशेर विश्वास तरी ठेवायचा बायकोवर.

गुरुवार, १३ मार्च

खाटांच्या यादीत बारा नंबर उघडला की एक नंबरही निळा. दहा आणि अकरालाही तेच. बाराच्या पत्त्याची सुरुवात एकच्या आकड्यानेच होते, तेव्हा बिचारा मेनू दोघांना उजळतो. पत्त्याचे तुकडे पाडून अख्खा तुकडा जुळतो का ते बघायला लावलं. शिवाय नुसत्या रंगावर न ठेवता नावाच्या डाव्या बाजूला जाड रेघ दिली, कारण केंद्रातल्या तंत्रज्ञाला निळा आणि राखाडी सारखेच दिसतात असं सिस्टर म्हणाल्या होत्या. डिझाइनरने पानावरचं मोठं शीर्षक काढून टाकलं होतं, मेनू आहे ना म्हणून. भांडून ते परत आणलं. त्याचं तोंड दिवसभर वाकडं होतं.

घरी भांडण झालं. नवऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि माझा तोल गेला. म्हटलं, तुला माझी नोकरी टिकेल असं वाटतच नाही ना? रोज उठून परीक्षेचा निकाल विचारतोस. पंधरा वर्षं तू कायम आहेस म्हणून का? तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पूर्वी असं बोलले असते तर साहेबाचे दहा किस्से सांगून माझी कशी चूक आहे ते पटवलं असतं. हल्ली साहेबाचं नावही काढत नाही. सुधारला वाटतं साहेब.

मंगळवार, १८ मार्च

सिस्टर कशा वापरतात ते बघायला केंद्रात गेले. बारा खाटा, बारा यंत्रं, पडद्यांना साबणाचा वास. सात नंबरच्या आजी खरंच एक्केचाळीस किलोंच्या. त्यांनी माझा हात धरून विचारलं, तूच का ती, जिने मला जाड केलं?  ती चूक माझी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, नुसती थट्टा होती. पण चोराच्या मनात चांदणं. मी हो म्हणाले. त्या इतक्या हसल्या की यंत्राने शिट्टी दिली आणि सिस्टर धावत आल्या.

दोन तास उभी राहून पाहिलं. सिस्टर मेनूकडे बघत नाहीत, मेनूवरून नजर फिरवतात, चालताना जिन्याच्या पायरीकडे बघावं तशी. पायरी जिथे असायला हवी तिथे नसली तर माणूस पडणारच. त्यांचा दोष नव्हता.

जरा मोकळी झाले तेव्हा नवऱ्याला फोन केला, गुरुवारच्या भांडणाबद्दल बोलावं म्हणून. मागे चिडीचूप. तो अगदी कुजबुजत म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. तेवढ्यात कुणीतरी त्याला "शू" केलं. किती कडक झालंय त्याचं ऑफिस. साहेब सुधारला हे मी मागे घेते.

शुक्रवार, २१ मार्च

सांगून टाकलं. खाई त्याला खवखवे, आणि मला अठरा दिवस खवखवत होतं. मुकादमाला म्हटलं, जरा बाहेर येता का? जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेनू मी लिहिला होता, चुकीचं मूळ मला चार तारखेलाच कळलं होतं, दहा तारखेला सिस्टरचा फोन आला तेव्हा मी गप्प बसले होते. कायम करताना हे धरायचं असेल तर धरा.

तो कठड्याला टेकून म्हणाला, "ताई, नोंद मी तीन तारखेलाच बघितली होती. म्हणून तर काम तुम्हाला दिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो तुम्ही सांगता का. चूक कुणाचीही होते. पण पुढच्या वेळी अठरा दिवस लावू नका, पलीकडे पेशंट आहेत."

एवढंच बोलून तो आत गेला. मला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यासमोर आपण इतके दिवस लपवत फिरत होतो, याची लाज सर्वांत जास्त वाटली.

बुधवार, २६ मार्च

काम संपलंय, निकाल लागायचाय. ऑफिसात खुर्चीत बसवत नाही. घरी कपाटं उपसून पुन्हा लावली. लेक म्हणाली, आई, तू एका जागी बस, मला चक्कर येतेय.

अप्पांचं वय दिसायला लागलंय. सकाळी नवरा बिल्ला 'कामावर' लावून गेला की ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहतात. आज दोन नंबरचा बिल्ला काढून, पुसून परत लावला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, गंज चढतो.

नवरा मात्र हुशार होत चाललाय. लेकीला शब्दकोड्यात अडलेले चार शब्द त्याने न बघता सांगितले. तीन वर्तमानपत्रांत काय काय आलंय ते तोंडपाठ. बोटांची टोकं काळी असतात, नकाशाची शाई असणार. पण सगळे नकाशे आता कॉम्प्युटरवर काढतात असं तोच मला सांगायचा. विचारायचं राहिलं.

सोमवार, ३१ मार्च

कायम झाले. मुकादमाने दुपारी पत्र हातात दिलं, म्हणाला, उद्यापासून रजिस्टर बंद, आज लवकर घरी जा. फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. या माणसाने रोज विचारून माझं डोकं खाल्लंय, पत्र त्याच्या ताटात वाढायचं.

साडेतीनला घरी पोचले. माझा बिल्ला आठवणीने 'घरी' लावला. अप्पा एकटेच होते. पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि डोळे पुसले. मी म्हटलं, हा सहाला येईल तेव्हा त्याला तुम्हीच सांगा. अप्पांनी उठून दार उघडलं. मग म्हणाले, "सहापर्यंत थांबू नकोस. आत्ता जाऊन सांग."

"ऑफिसात?"

"फळ्याकडे बघू नकोस, बाळ. मी फाटकापाशी जाऊन मोजून आलोय. दोन नंबर रोज सार्वजनिक वाचनालयात असतो."

माझ्या डोक्यात सगळं एकदमच जागेवर बसलं. डबा, शू, काळी बोटं, गप्प झालेला साहेब. आणि रोजचा तो प्रश्न. मी त्याला माझ्यावरचा अविश्वास समजत होते. अप्पांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, महिना झाला. तो सांगेल म्हणून थांबलो.

वाचनालय दोन गल्ल्या सोडून. मी धावले नाही, पण चाललेही नाही. लांब टेबलापाशी म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्यांच्यात माझा नवरा, इस्त्रीच्या शर्टात, पायाशी डबा, समोर नोकऱ्यांच्या जाहिराती, हातात पेन्सिल. मला खूप राग आला होता. दारातून टेबलापर्यंत जाईतो तो पुरला नाही. शेजारची खुर्ची ओढून बसले तर ती करकरली आणि एका आजोबांनी शू केलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. मी पत्र जाहिरातींवर ठेवलं.

"कायम केलं मला."

त्याने पत्र वाचलं.  मग कुजबुजत म्हणाला, "वीस जानेवारीला काढलं मला. तू नुकतीच लागली होतीस. तुझ्या डोक्यावर माझं ओझं नको, तुझं होऊ दे आधी, मग सांगू, असं म्हणत राहिलो."

दोन महिने अकरा दिवस. मी अठरा दिवस लपवलं तर झोप उडाली होती. हा माणूस रोज सकाळी बिल्ला लावून, डबा घेऊन, इथे येऊन बसत होता, आणि मी घरी जाऊन त्याला पत्ता आणि टिचकीतला फरक समजावत होते. मला रडू आलं. त्या आजोबांनी पुन्हा शू केलं, मग माझा चेहरा पाहून स्वतःच पेपरच्या आड गेले.

डब्यात अर्धी भाजी शिल्लक होती. बाहेर पायरीवर बसून आम्ही दोघांनी ती संपवली.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी तो आंघोळ करून, सवयीने इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी आला. बिल्ला काढला आणि हातात धरून उभा राहिला. 'कामावर' लावता येईना, 'घरी' लावायला हात होईना. लेकीला काल संध्याकाळी सगळं सांगितलंय. ती दप्तर घेऊन मागे उभी होती.

अप्पा उठले. त्यांनी चौथ्या रकान्यावरचं शाळेचं वेळापत्रक नखाने सोलून काढलं. लेक म्हणाली, अप्पा, माझी परीक्षा आहे. ते थांबले नाहीत. खाली डेपोतली जुनी अक्षरं होती, पांढऱ्या रंगातली, अजून ठसठशीत: राखीव.

"दुरुस्तीच्या गाड्यांचा रकाना वेगळा होता, तो मी केव्हाच रंगवून टाकला," अप्पा म्हणाले. "राखीव गाडी धडधाकट असते. टाकी भरलेली, काचा पुसलेल्या. आज तिला मार्ग नसतो, एवढंच. आणि ती कुठे उभी आहे ते सगळ्या डेपोला माहीत असतं."

नवऱ्याने बिल्ला तिथे अडकवला. एकदा सुटला, खाली पडला, लेकीने उचलून दिला. दुसऱ्यांदा नीट बसला.

मी निघाले तेव्हा ओट्यावर दोन डबे होते. सवयीने भरले होते. तो म्हणाला, माझा ठेव, मी दुपारी अप्पांबरोबर इथेच जेवेन. दहा वाजता सिस्टरचा फोन आला की रजिस्टर कपाटात बंद केलं, सकाळची पाळी भरतायत, मेनू सकाळच म्हणतोय. मी सिस्टरला ठीक आहे असं सांगितलं आणि घरी फोन लावला. विचारलं, कुठे आहेस?

"घरी," तो म्हणाला. मागे अप्पा त्याला वेळापत्रक परत चिकटवायला गोंद कुठे आहे ते विचारत होते.